उसात यंत्र किटकिट करतंय म्हणून लगेच सेन्सिटिव्हिटी पाडू नका

तुमची अडचण मला समजली ती अशी. शिरोळकडच्या रानात भांगलताना वहिनींच्या मंगळसूत्राचा दोरा तुटला आणि एक वाटी गेली. मित्राचा मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारा) मेटल डिटेक्टर, म्हणजे धातू शोधायचं यंत्र आणलं, पण विहिरीकडच्या सऱ्यांत ते नुसतं किटकिट करतंय आणि धातू ओळखायचे पडद्यावरचे आकडे वाटेल तिकडे उड्या मारतायत. सेन्सिटिव्हिटी (बारीक सिग्नल पकडायची ताकद) निम्म्याखाली आणली तेव्हा शांत झालं, पण मग वाजायचंच बंद झालं. वरून विजेची लाइन गेलीय, सगळा दोष तिचा, असं तुम्ही धरलंय.

सेन्सिटिव्हिटी आधी परत वर न्या. वाटी पातळ पत्र्याची, बहुधा आत लाख भरलेली. तिचा सिग्नल मुळातच बारीक असतो आणि सेन्सिटिव्हिटी पाडली की पहिला तोच मरतो. ट्रॅक्टरचा बोल्ट मात्र ठणठणीत वाजत राहतो. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आकडे गप्प करणारं सेटिंग, तेही काढून टाका. पातळ सोनं चांदीच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) कागदाच्या आसपासचा आकडा दाखवतं, आणि कचरा नको म्हणून नेमका तोच पट्टा लोक बंद करून बसतात.

मग आवाज कसला आहे ते ठरवा. कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची तबकडी, कमरेइतकी वर उचलून स्थिर धरा. तरीही किटकिट चालूच राहिली तर तो विजेचा गोंगाट. कॉइल जमिनीलगत फिरवतानाच वाजत असेल तर ती जमीन बोलतेय. आपली काळी माती बेसॉल्टची, आणि पन्हाळा-शाहूवाडीकडे तर जांभा, लोहाने भरलेला. त्याला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा सिग्नल वजा करणारं सेटिंग, हा इलाज आहे. विजेच्या गोंगाटावर ग्राउंड बॅलन्सचा काडीचा उपयोग नाही. तरी लोक तासभर तेच बटण दाबत बसतात.

आता लाइनचं. तारेतली वीज ५० हर्ट्झची आणि तुमचं यंत्र काम करतं साधारण ५ ते ४० किलोहर्ट्झमध्ये. दोघांत बरंच अंतर आहे. लाइन त्रास देते ती बहुतेक वेळा ढिला जंपर (खांबावरचा जोडतारेचा तुकडा) किंवा तडकलेला इन्सुलेटर ठिणग्या टाकत असतो तेव्हा. हल्ली माझा पहिला संशय असतो तो सौरपंपाच्या कंट्रोलरवर. तो पॅनेलच्या विजेचे तुकडे करून मोटार फिरवतो आणि ते तुकडे करण्याचा वेग किलोहर्ट्झमध्येच असतो, म्हणजे थेट तुमच्या यंत्राच्या पट्ट्यात. घरातली इंडक्शन शेगडी, स्वस्तातले एलईडी दिवे यांचंही तेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भर दुपारी, वेल्डिंग आणि मशिनी चालू असताना यंत्र सुरू करून बघा, मग मी काय म्हणतोय ते कळेल.

दर सेकंदाला ठेक्यात एक टिक येत असेल तर शेजाऱ्याच्या बांधावर डुकरांसाठी लावलेलं झटका मशीन (कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारं) शोधा. अधूनमधून भरभर येऊन थांबत असेल तर विहिरीवरच्या स्टार्टरला जोडलेला सिमवाला मोबाईल ऑटो (फोनवरून मोटार चालू-बंद करणारा) बघा. आणि तुमच्या खिशातला फोन! तो फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बांधावर ठेवून या. हातातला पिनपॉइंटर (खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारं छोटं यंत्र) चालू राहिला तरी मोठं यंत्र बोंबलतं.

उगम सापडत नसेल तर घरातला जुना ट्रान्झिस्टर घेऊन जा. मीडियम वेव्हवर जिथे काहीच लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि रानात फिरा. खरखर जिथे वाढेल तिकडे उगम. ट्रान्झिस्टर हातात हळूहळू गोल फिरवला की एका दिशेला खरखर एकदम पडते, त्यावरूनही अंदाज येतो. याला एक रुपयाचा खर्च नाही आणि कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त कळतं.

उगम कळला की निम्मं काम वेळ निवडण्याचं. शेतीपंपाची लाइट पाळीने येते. पाळी संपून मोटारी बंद झाल्या की यंत्र चालवा. सौरपंप असेल तर त्याच्या मालकाला सांगून तासभर बंद करायला लावा, नाहीतर सकाळी ऊन चढायच्या आत जा. झटका मशीनवाल्यालाही विनंती करा, दागिना हरवलाय म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही. फक्त डीपीला (ट्रान्सफॉर्मरजवळच्या फ्यूजच्या पेटीला) हात लावायचा नाही, फ्यूज काढायचे नाहीत. मोटार बंद असली तरी तारेत वीज असते.

एवढं करूनही थोडी किटकिट राहिली तर यंत्राकडे वळा. शोधायचं तिथेच उभं राहून, कॉइल स्थिर धरून यंत्रातलं नॉइज कॅन्सल (गोंगाट टाळायचं बटण) दाबा. घरच्या अंगणात करून आलेलं इथे चालत नाही, कारण यंत्र त्या जागेपुरता त्यातल्या त्यात शांत चॅनेल निवडतं. जागा बदलली की परत करा. मग मल्टी सोडून एकच फ्रिक्वेन्सी लावून बघा. मल्टी एकाच वेळी बऱ्याच पट्ट्यांत ऐकतं, म्हणून गोंगाटही जास्त गोळा करतं. वाटीसाठी २० किंवा ४० किलोहर्ट्झ बरं. लहान कॉइल मिळाली तर नक्की लावा. ती विजेचा गोंगाट कमी ओढते, बारीक सोन्याला चांगली आणि सऱ्यांत फिरवायलाही सोपी. केबल दांडीला घट्ट गुंडाळा, लोंबती ठेवू नका. सेन्सिटिव्हिटी उतरवायची ती यानंतर, एकेक पायरी.

किती उतरवायची हे मी सांगू शकत नाही, पण तुमच्याकडची दुसरी वाटी सांगेल. वहिनींना विचारून ती एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीला लांब रंगीत दोरा बांधा आणि त्याच सरीत दोन बोटं मातीखाली ठेवा. ती दोन्ही बाजूंनी कॉइल नेताना वाजते तोवर सेटिंग बरोबर. आकडा कागदावर लिहून ठेवा, शोधायचं तेच आहे. गोंगाटाचे आकडे दर वेळी वेगळे येतात, पुरलेल्या वस्तूचा आकडा त्याच जागी परत येतो. एकदा वाजलं म्हणून खणू नका, नव्वद अंशात वळून पुन्हा कॉइल फिरवा.

वाटी सापडल्यावर यंत्र पन्हाळ्यावर न्यायचं म्हणताय, ते मात्र डोक्यातून काढा. गड केंद्रीय संरक्षित स्मारक आहे, प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा लागतो, तिथे हौसेनं खणणं म्हणजे गुन्हा. आणि स्वतःच्या रानातसुद्धा पुरलेलं जुनं धन लागलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हरवलेल्या वाटीचा याच्याशी संबंध नाही, निर्धास्त शोधा. जुन्या वस्तूंची आवड असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर मिळालेली पोसायडनची (ग्रीकांच्या समुद्रदेवाची) कांस्यमूर्ती बघून या.

आणि विहिरीजवळच्या त्या चार सऱ्या कशानेच शांत झाल्या नाहीत, तर यंत्र तिथे नेऊच नका, माती यंत्राकडे आणा. भांगलून काढलेल्या तणाचा ढीग बांधावर असेलच, पहिला तो तपासा. मुळांना धरलेल्या मातीत वाटी अडकून बसायची शक्यता बरीच आहे. मग वहिनी बसल्या होत्या तिथली वरची चार बोटं माती थोडी थोडी भरून लाइनपासून लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला न्या, पातळ पसरा आणि वरून कॉइल फिरवा. माती न्यायला लोखंडी घमेलं नको, प्लास्टिकची पाटी घ्या, आणि खुरपं कॉइलपासून चार हात लांब ठेवा.