दुर्बीण की स्क्रू? कंबरेच्या ऑपरेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३८, निफाडजवळ शेती. टोमॅटोचे क्रेट उचलताना कंबरेत कळ आली. आता डाव्या कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत ठणका आणि मुंग्या. पाच आठवडे झाले. एमआरआयमध्ये एल४-एल५ ची, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली, गादी सरकलेली आहे. एक डॉक्टर छोटा छेद देऊन ऑपरेशन सांगतात, दुसरे दुर्बिणीतून. कोणतं करू?

आधी टाचांवर चार पावलं चालून बघा. डाव्या पायाचा चवडा नीट वर उचलला जात असेल, तर या घडीला दोन्हींपैकी कशाचीच घाई नाही. सरकलेला तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं आणि बहुतेकांचा पाय सहा ते बारा आठवड्यांत बराच शांत होतो. नेदरलँड्समधला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सायटिकाच्या, म्हणजे नस दबून पायात उतरणाऱ्या अशाच ठणक्याच्या, काही रुग्णांचं ऑपरेशन लवकर केलं, बाकीच्यांना औषधं देऊन थांबवलं. ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, पण वर्षाअखेरीस दोन्ही गट सारखेच होते. थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र मधल्या काळात ऑपरेशन करून घेतलंच. दुखणं सहन होत नसेल, रात्रीची झोप उडाली असेल, तर लवकर ऑपरेशन करणं चूक नाही. चार महिने उलटूनही पाय तसाच ठणकत असेल, तर मी स्वतःच तुम्हाला ऑपरेशन सुचवीन.

आता दुर्बीण. छोट्या छेदाच्या ऑपरेशनात, म्हणजे मायक्रोडिसेक्टॉमीत, दोन-तीन सेंटिमीटरचा छेद देऊन मायक्रोस्कोपखाली तुकडा काढतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनात, म्हणजे एंडोस्कोपीत, छेद सेंटिमीटरभराचा असतो, अनेकदा पूर्ण भूलही लागत नाही, घरी लवकर जाता येतं. पायाच्या दुखण्यावरचा परिणाम दोन्हींत जवळपास सारखाच. गादी पुन्हा सरकण्याचा धोका दोन्हींत असतो. ‘दुर्बिणीने केलं म्हणजे परत होत नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. एंडोस्कोपी शिकायला वेळ लागतो, म्हणून डॉक्टरांना विचारा की ते ती नेहमी करतात का. मायक्रोडिसेक्टॉमीत मुरलेला सर्जन नुकती दुर्बीण हाती घेतलेल्या सर्जनपेक्षा मला बरा वाटतो.

लघवी अडली, किंवा बसायच्या जागेची त्वचा बधिर झाली, तर मात्र हे सगळं विसरा आणि त्याच रात्री नाशिक गाठा. तिथे तासांचा हिशेब असतो.

प्रश्न : आईचं वय ६८, सिडकोत राहतो. पाच मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, बसलं की बरं वाटतं. डी-मार्टमध्ये ट्रॉलीवर रेलून मात्र अर्धा तास फिरते. एक सर्जन म्हणतात नस मोकळी करू, दुसरे म्हणतात मणका सरकलाय, स्क्रू टाकावेच लागतील.

ट्रॉलीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पुढे वाकलं की मणक्यातली नळी किंचित रुंदावते आणि नसांवरचा दाब कमी होतो. अरुंद नळीची, म्हणजे स्टेनोसिसची, ही ठळक खूण. तरी पायाच्या नाड्या एकदा तपासून घ्या, विशेषतः मधुमेह असेल तर. पायाचा रक्तपुरवठा कमी पडला तरी चालताना पोटऱ्या भरून येतात आणि तिथे मणक्याचं ऑपरेशन काही कामाचं नाही.

खरा वाद स्क्रूंचा आहे. नुसतं डिकम्प्रेशन म्हणजे नसेवर दाबणारं हाड आणि जाड झालेला पडदा काढणं. फ्युजनमध्ये त्यावर स्क्रू आणि सळ्या बसवून दोन मणके कायमचे जोडतात. २०१६ साली स्वीडनच्या अभ्यासात, मणका थोडा सरकलेला असला तरी, दोन वर्षांनंतर फ्युजनचा वेगळा फायदा दिसला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका लहान अभ्यासात थोडा फायदा दिसला. २०२१ साली नॉर्वेतल्या अभ्यासाने पुन्हा नुसत्या डिकम्प्रेशनच्या बाजूने कौल दिला. फ्युजनमध्ये वेळ, रक्तस्राव आणि खर्च वाढतो, आणि शेजारच्या सांध्यावर ताण येतो.

म्हणून आईचा वाकून आणि मागे झुकून, असा उभ्याने एक्स-रे काढा. मणका जागच्या जागी राहत असेल आणि त्रास मुख्यतः पायांचा असेल, तर मी स्क्रू टाकणार नाही. मणका हालचालीबरोबर सरकत असेल किंवा नस मोकळी करताना सांध्याचा मोठा भाग काढावा लागणार असेल, तर स्क्रू हवेत. दुसऱ्या सर्जनना सरळ विचारा, ‘स्क्रू न टाकता केलं तर नेमकं काय बिघडेल?’ उत्तर एक्स-रेवर बोट ठेवून मिळालं पाहिजे. आणि स्क्रू ठरलेच, तर आधी हाडांची घनता तपासा. ठिसूळ हाडात स्क्रू धरत नाही.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत काम, वय ४५. फक्त कंबर दुखते, पायात काही नाही. एमआरआयमध्ये ‘गादी सुकली’ असं लिहिलंय. कृत्रिम गादी बसवू का?

नको. निदान आत्ता तरी नकोच. काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले, तर पन्नाशीच्या आसपास दहांपैकी आठ जणांमध्ये गादीची झीज सापडते. तुमच्या रिपोर्टातली ओळ केस पांढरे झाल्याच्या नोंदीइतकीच गंभीर असू शकते. ऑपरेशन चांगलं काम करतं ते दबलेल्या नसेसाठी, म्हणजे पायाच्या दुखण्यासाठी. नुसत्या कंबरदुखीत फ्युजनचा निकाल शिस्तीत केलेल्या व्यायामापेक्षा फारसा सरस ठरत नाही. कृत्रिम गादी थोड्याच, निवडक रुग्णांना चालते, आणि मागचे छोटे सांधे झिजलेले असतील तर मुळीच नाही.

फिजिओथेरपी म्हणजे चार दिवस शेक आणि मशीन नव्हे. तीन महिने व्यायाम करा, तंबाखू-सिगारेट सोडा. पुढे कधी फ्युजन लागलंच, तर धूम्रपान करणाऱ्यांचं हाड जुळायला त्रास होतो. ताप, वजन घटणं, रात्री वाढणारं दुखणं यांपैकी काही असेल तर वाट बघू नका. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग दुर्मीळ नाही.

प्रश्न : मणक्याचं ऑपरेशन केलं की पाय जातात, हे खरं का?

मज्जारज्जू कंबरेच्या वरच्याच भागात, साधारण पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. एल४-एल५ ला फक्त सुट्या नसा असतात. एखाद्या नसेला इजा होऊ शकते, पण दोन्ही पाय जाणं फारच विरळ. जंतुसंसर्ग आणि नसांचं आवरण फाटणं हे धोके जास्त खरे आहेत, त्यांबद्दल विचारा.

प्रश्न : स्क्रू नंतर काढावे लागतात का? खर्चाचं काय?

सैल झाले किंवा टोचले तरच काढतात. ते बहुधा टायटॅनियमचे असतात, त्यामुळे पुढे एमआरआयही करता येतो. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. जाताना रेशनकार्ड, आधार आणि एमआरआयच्या मूळ फिल्म न्या. मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोत मला काही दिसत नाही.