सेव्ह केलेला फ्लाइट प्लॅन लॉक झालाय? मोकळा करण्याआधी हे वाचा

मागच्या महिन्यात व्यवस्थित चाललेला सेव्ह केलेला प्लॅन आज जी१००० वर (विमानातल्या स्क्रीनवाल्या उपकरण-संचावर) लॉक दिसतोय, ॲक्टिव्हेट होत नाही, आणि युनिट बिघडलंय का, असं तुम्ही विचारलंय. तुमची पोस्ट वाचताना मला माझाच तो दिवस आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

युनिट बहुधा ठीक आहे. नेव्हिगेशन डेटाबेस (मार्गावरचे बिंदू आणि विमानतळांची माहिती) दर २८ दिवसांनी, गुरुवारी बदलतो. तुमच्या प्लॅनमधली अरायव्हल किंवा अप्रोच, म्हणजे विमानतळाकडे येण्याची किंवा उतरण्याची ठरलेली वाट (प्रोसीजर), नव्या डेटाबेसमधून काढली गेली असेल, तर ती प्रोसीजर काढेपर्यंत प्लॅन लॉक राहतो. प्लॅन एडिटला घ्या, प्रोसीजरच्या शीर्षकावर कर्सर न्या, सीएलआर (पुसण्याचं बटण) दाबा, मग ईएनटी (पक्कं करण्याचं). लॉक निघतो.

माझ्या चुकीला सुरुवात झाली ती यानंतर. प्रोसीजर काढली की उरलेले बिंदू सरळ रेषेत जोडले जातात. मधला एक बिंदू मला हवा होता. तो दोन अक्षरी एनडीबी, म्हणजे जमिनीवरचा रेडिओ बीकन, मी हातानेच भरला. एनडीबीची अशी छोटी ओळखनावं जगात अनेक ठिकाणी तीच असतात, त्यामुळे स्क्रीनवर सारख्या नावांची यादी आली. आतला नॉब एक खटका जास्त फिरला आणि मी ईएनटी दाबलं. विमान धावपट्टीकडे न्यायची घाई होती. मग प्लॅन वरपासून खालपर्यंत वाचला, नावं सगळी बरोबर होती. असणारच होती, चुकीच्या बिंदूचं नावही तेच होतं! शेजारी डीआयएसच्या (अंतराच्या) रकान्यात चार आकडी अंतर दिसत होतं आणि मी त्याकडे पाहिलं नाही. नकाशा इतका जवळ आणलेला होता की रेषा कुठे चाललीय तेही दिसत नव्हतं.

हवेत, वळणाच्या आधी पीएफडीवर (वैमानिकासमोरच्या मुख्य स्क्रीनवर) पुढचा डीटीके, म्हणजे जायची दिशा अंशांत, आला ३१०. माझ्या कागदावर ०४५. तो आकडा मनात उतरेपर्यंत ऑटोपायलटने डावीकडे वळायला सुरुवातही केली होती. एचडीजी (दिशा हाताने ठरवायचं बटण) दाबलं, विमान सरळ केलं. दिवस होता, आकाश स्वच्छ होतं, मी व्हीएफआर, म्हणजे बाहेर डोळ्यांनी बघून उडत होतो, म्हणून निभावलं. कंट्रोलरने मात्र विचारलंच, कुठे निघालात म्हणून.

हाच सापळा २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियातल्या काली शहराजवळ जीवघेणा ठरला होता. बोइंग ७५७ च्या वैमानिकांना रोझो हा कालीजवळचा बीकन हवा होता, त्यांनी 'आर' भरलं. यादीत रोझो त्या अक्षराखाली नव्हताच, निवडला गेला तो बोगोटाजवळचा रोमिओ. विमान डावीकडे वळलं आणि पुढे डोंगरावर आदळलं. १६३ पैकी १५९ माणसं गेली. त्या अपघाताला इतरही कारणं होती, पण तो अहवाल वाचल्यापासून मी यादीतलं नाव घाईने निवडत नाही.

माझ्या प्रसंगानंतर मला सर्वात जास्त मनस्ताप दिला तो माझ्या प्रशिक्षण केंद्राच्या कार्यालयाने. त्यांचं नाव घेत नाही. डेटाबेसचं कार्ड बदलल्याची नोंद विमानाच्या वहीत नव्हती, फलकावरही नव्हती. 'प्लॅन सगळ्यांचा चालतो, तुमचाच का अडतो' हे मी तीनदा ऐकलं. माझ्या प्रसंगाच्या अहवालात फक्त 'वैमानिकाची चूक' एवढंच लिहिलं आणि माझी सोलो उड्डाणं सहा आठवडे थांबवली. चूक माझी होतीच, ती मी नाकारत नाही. पण कार्ड बदललंय हे चार शब्दांत सांगायला काय लागत होतं? आजही राग येतो.

आता माझं मत, पटलं तर घ्या. प्रोसीजर असलेले प्लॅन सेव्ह करूच नका. साधा मार्ग ठेवा, प्रोसीजर त्या दिवशी पीआरओसी बटणातून भरा. कारण प्लॅन लॉक न होता प्रोसीजरचे बिंदू नव्या डेटाबेसप्रमाणे आपोआप बदलले जातात तेव्हा काहीच अडत नाही, आणि ते जास्त वाईट. एमएफडी (नकाशाची दुसरी स्क्रीन) सुरू होताना डेटाबेसच्या तारखा येतात, तिथे ईएनटी दाबण्याआधी त्या खरोखर वाचा. प्रत्येक लेगचा (दोन बिंदूंमधल्या टप्प्याचा) डीटीके आणि अंतर कागदाशी ताडून पाहा, एकूण अंतरही, आणि नकाशा अख्खा मार्ग दिसेल इतका लांब न्या. मला यात दोन-तीन मिनिटं लागतात.

जाता जाता, नवा बिंदू कर्सर असलेल्या ओळीच्या वर जातो. यात नवीन मंडळी हमखास गोंधळतात.

मी इन्स्ट्रक्टर नाही. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीप्रमाणे बटणं थोडी वेगळी असू शकतात, तेव्हा तुमच्या विमानाची पुस्तिका अंतिम माना. लॉक झालेल्या प्लॅनमध्ये अरायव्हल आहे की अप्रोच, आणि कार्ड शेवटचं कधी बदललं, एवढं कळवा.