आधी यिडिश शीक

प्रिय मुली,

परवा फोनवर तू तासभर बोललीस आणि मी नुसती हं हं करत राहिले, कारण मला राग आला होता आणि फोनवर रागावलेलं मला आवडत नाही. म्हणून लिहितेय. वॉर्सा घेट्टोच्या, नाझींनी पोलंडच्या राजधानीत ज्यूंना कोंडलेल्या त्या वस्तीच्या, आठवणींवर पीएचडी करायची, गाईड म्हणतात थिअरीचा चॅप्टर आधी दे, त्यासाठी तू आठ महिने 'स्मृती म्हणजे काय' एवढंच वाचतेयस, आणि यिडिशचं, तिथल्या ज्यूंच्या घरच्या भाषेचं, विचारलं तर म्हणालीस, मॅडम, इंग्लिश ट्रान्सलेशन आहेत ना भरपूर.

मोडी न येता पेशवे दफ्तरावर पीएचडी करणारा कोणी भेटला तर काय म्हणशील गं त्याला? भाषा शीक आधी.

रिंगेलब्लुमचं तुला माहीत आहे, पण परत एकदा नीट बघ. हा वॉर्सातला ज्यू इतिहासकार, ऑगस्ट 1939 मध्ये जिनिव्हात परिषदेला होता, तिथेच राहता आलं असतं, पण परत वॉर्साला गेला. घेट्टोत त्याने शिक्षक, लेखक, रब्बी असे पन्नास-साठ जण गोळा केले, शनिवारी भेटायचे म्हणून नाव ओयनेग शाबेस, शब्बाथचा आनंद. आणि जमवलं काय, तर रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, शाळेतल्या मुलांचे निबंध, भिंतीवरची पत्रकं, भुकेने माणूस कसा बदलतो त्याच्या नोंदी. ऑगस्ट 1942 मध्ये नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात पत्र्याचे 10 डबे पुरले. पुरणाऱ्यांत दावीद ग्राबेर होता, वय 19, तुझ्यापेक्षा लहान. त्याने चिठ्ठी लिहून ठेवलीय की जे जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं. बाहेर तेव्हा माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीकडे जाणाऱ्या गाड्यांत भरली जात होती. अशा वेळी लिहिलेलं तू तिसऱ्याने केलेल्या भाषांतरातून वाचणार?

आता माझं ऐक, हे मी फार कमी जणांना सांगितलंय. माझा सगळा प्रबंध जर्मन कागदांवर उभा आहे. जर्मन मला येत होती, टाईप केलेल्या व्यवस्थित फाईली, तारखा, आकडे, सगळं हाताशी. त्या कागदांत गाड्यांना शब्द आहे 'उमझीडलुंग', म्हणजे पुनर्वसन. मी तो शब्द तसाच घेतला, अवतरणचिन्हंसुद्धा दिली नाहीत, आणि वर लिहिलं की कुठे नेतायत याची आतल्या कुणालाच कल्पना नव्हती. परीक्षकांना ते वाक्य आवडलं होतं! पुढे 52 व्या वर्षी यिडिश शिकले तेव्हा कळलं की खेल्म्नोच्या मृत्यूछावणीतून निसटलेला एक माणूस 1942 च्या सुरुवातीलाच वॉर्सात पोचला होता, रिंगेलब्लुमच्या गटातल्या हर्श आणि ब्लूमा वासर यांनी त्याला बसवून सगळं लिहून घेतलं होतं, आणि ही बातमी पोलिश भूमिगतांमार्फत बाहेर पाठवलीही होती. बऱ्याच लोकांचा विश्वास बसला नाही ही गोष्ट वेगळी. पण मारणाऱ्यांचा शब्द वापरून मी मेलेल्यांबद्दल खोटं लिहिलं, आणि ते छापून झालंय, पुसता येत नाही.

माझ्याकडे तेव्हा शिकवणारं कोणी नव्हतं, इंटरनेट नव्हतं, घरात दोन लहान मुलं, स्कॉलरशिपची मुदत संपत आलेली. खरंच नव्हता पर्याय, अजूनही मला तसंच वाटतं. तुझ्याकडे आहे. वॉर्सातल्या ज्यू इतिहास संस्थेचे कागद स्कॅन होऊन ऑनलाइन आलेत, न्यूयॉर्कच्या यिवो या यिडिश अभ्याससंस्थेचे क्लास घरबसल्या करता येतात. मग कारण काय?

आणि भाषांतरात काय सुटतं ते एकाच शब्दावरून बघ. त्यातून जिवंत राहिलेली माणसं या संहाराला यिडिशमध्ये 'खुर्बन' म्हणत. होलोकॉस्ट नाही, हिब्रूतलं शोआ नाही, खुर्बन. हा जेरुसलेमच्या प्राचीन ज्यू मंदिराच्या विध्वंसाचा शब्द. काहींनी याला 'तिसरा खुर्बन' म्हटलं, म्हणजे मंदिर दोनदा पडलं, त्यापुढचं हे. त्यांची स्मृती कुठून कुठे जोडलेली आहे हे त्या एका शब्दात बसलंय आणि तू आठ महिने थिअरी वाचतेयस. भाषा शीक गं.

कोणीतरी तुला सुचवलं म्हणे की बेने इस्राएलांवर, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंवर कर, मराठीत भागेल. कोकणातल्या या शनिवार तेल्यांचा विषय मोठा आहे, त्यांची मराठी कीर्तनं आहेत, ज्याला त्याची ओढ आहे त्याने जरूर करावं. पण कोकणात त्यांचा छळ झाला नाही, तुझा प्रश्नच तिथे नाही. भाषा टाळायला म्हणून तिकडे जाऊ नकोस.

पोलिशही लागेलच, रिंगेलब्लुमच्या दफ्तरातलं बरंच काही त्यात आहे, पण ते पुढच्या वर्षी. गाईडना सांग चॅप्टर उशिरा येईल. रागावतील, रागावू देत, मी बोलते हवं तर.

राहेल आउएरबाख, रिंगेलब्लुमच्या गटातल्या जिवंत राहिलेल्या तिघांपैकी एक, युद्धानंतर सगळ्यांच्या मागे लागली होती की त्या ढिगाऱ्याखाली आपले कागद आहेत, खणा. 18 सप्टेंबर 1946 ला डबे निघाले, आत पाणी शिरलेलं, पानं एकमेकांना चिकटलेली. नंतर पुरलेले, कागदांनी भरलेले दुधाचे दोन कॅन 1950 मध्ये निघाले, ते कोरडे होते. तिसरा साठा अजून सापडला नाहीये.

रविवारी सकाळी फोन कर. अलेफ या पहिल्या अक्षरापासून सगळी अक्षरं वहीत हाताने लिहून ठेव, उजवीकडून डावीकडे, आणि ग्राबेरच्या चिठ्ठीच्या पहिल्या दोन ओळी माझ्याबरोबर वाचायला बस.

तुझी,
मॅडम