माफिया गुंड स्वतःच वकील होऊन कोर्टात सगळ्यांना हसवतो, असा व्हिन डीझेलचा सिनेमा कोणता? ते खरंच घडलं होतं का?

'फाइंड मी गिल्टी', २००६. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट. आणि हो, खटला खरा आहे.

न्यू जर्सीत लुकेझी टोळीच्या २० जणांवर एकत्र खटला चालला, तोही तब्बल २१ महिने. त्यातला जॅकी डिनॉर्सिओ आधीच ड्रग्जच्या गुन्ह्यात ३० वर्षांची शिक्षा भोगत होता. गमावण्यासारखं फारसं काही नाही म्हटल्यावर पठ्ठ्याने वकील नाकारला आणि स्वतः उलटतपासणी घ्यायला उभा राहिला. कायद्याचं ज्ञान शून्य, पण तोंड भारी! सिनेमातले कोर्टातले बरेच संवाद खऱ्या खटल्याच्या नोंदींतूनच घेतले आहेत, त्यामुळे अतिशयोक्ती वाटणारे प्रसंगही हसून सोडून देता येत नाहीत.

१९८८ मध्ये ज्युरीने सगळ्यांनाच निर्दोष सोडलं. (निकाल सांगून टाकला, पण मजा निकालात नाहीच.)

डीझेलने वजन वाढवून, डोक्यावर केस लावून काम केलंय. माझ्या मते त्याचा सर्वांत चांगला अभिनय हाच. इतर आरोपींच्या बचावाच्या वकिलाच्या भूमिकेतला पीटर डिंकलेजही झकास. मधला भाग थोडा रेंगाळतो. मला खटकलं ते एवढंच, की सिनेमा जॅकीच्या इतका प्रेमात आहे की या टोळीने लुबाडलेली माणसं जवळपास दिसतच नाहीत. सरकारी वकील मात्र खलनायक वाटायला लागतो.