विद्युतदाहिनीत नेमकं काय होतं, आणि घरच्यांनी आधी काय तयारी ठेवावी?

तुम्ही लिहिलंय की वडील घरीच शेवटच्या टप्प्यात आहेत, त्यांनी विद्युतदाहिनीच हवी असं सांगून ठेवलंय, तुम्ही एकुलती मुलगी आहात आणि यातलं काही कधी पाहिलेलं नाही. आधीच विचारलंत हे फार बरं केलंत. आमच्या सोसायटीत कुणी गेलं की पास काढण्यापासूनची धावपळ माझ्याकडे असते. त्यामुळे पुण्यात जसं होतं तसं सांगतो.

पहिला प्रश्न डॉक्टरांचा. घरी मृत्यू झाला की मृत्यूचं कारण लिहिलेलं प्रमाणपत्र लागतं (नमुना ४ अ). ज्यांनी आजारपणात तपासलंय त्यांनीच ते द्यायचं असतं. अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. मग गोष्ट पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत जाऊ शकते. म्हणून आजच तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, रात्री-अपरात्री फोन केला तर याल का, गावाला गेला असाल तर कुणाला बोलवू. वडिलांना पेसमेकर असेल तर तेही आत्ताच बोलून घ्या. त्याची बॅटरी दाहिनीत फुटू शकते, म्हणून तो आधी काढावा लागतो.

प्रमाणपत्र हातात आलं की महापालिकेचा पास. पासाशिवाय दहन होत नाही. वडिलांचं आधार कार्ड, अर्ज करणाऱ्याचं आधार कार्ड आणि दोन्हींच्या झेरॉक्स एका पाकिटात घालून ठेवा. पास तुमच्या भागात कुठे मिळतो आणि रात्री मिळतो का, हे आधी विचारून ठेवा. हे काम तुम्ही स्वतः करू नका. मामेभाऊ, शेजारी, ऑफिसमधलं कुणी, एक माणूस ठरवा आणि पाकीट कुठे आहे ते त्याला दाखवून ठेवा. तुम्ही वडिलांजवळ बसा.

दोन-चार तासांत शरीर ताठरायला लागतं. त्याआधी डोळे मिटवायचे, हनुवटीखालून पट्टी बांधायची, हातपाय सरळ करायचे. अंगठी निघत नसेल तर साबण लावून घरीच काढा. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद करा, मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवा आणि नेत्रपेढीला फोन करा. त्याने अंत्ययात्रेला फारसा उशीर होत नाही.

आता स्मशानातलं. शववाहिनी आत आली की देह खाली घेतात आणि विधी असतील ते तिथेच होतात. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन प्रदक्षिणा, तोंडात पाणी, तुळशीपत्र. मग देह दाहिनीसमोरच्या ट्रॉलीवर ठेवतात. जाड हार, शाल, प्लास्टिकचं काही असेल तर काढायला सांगतात. अनेकजण छातीवर कापूर पेटवतात, तोच अग्नी. यानंतरचा क्षण कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. दार वर जातं, आत लालभडक दिसतं, धग तोंडावर येते. ट्रॉली आत सरकली की कपडे आणि फुलं लगेच पेट घेतात. मग दार धाडकन खाली येतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. चितेसमोर माणूस तासभर उभा राहतो आणि मनाला तेवढा वेळ मिळतो, तो इथे मिळत नाही. शेवटचं पाहून घ्यायचं असेल तर ट्रॉलीवर ठेवण्याआधी थांबा. कर्मचाऱ्यांना ‘दोन मिनिटं द्या’ म्हटलं तर ते देतात, निदान मला कधी कुणी नाही म्हटलेलं नाही. आणि दार उघडताना पाठ फिरवावीशी वाटली तर खुशाल फिरवा.

दाहिनी ऐनवेळी बंद असू शकते, तेव्हा गॅसदाहिनी किंवा लाकडं यांचा विचार करून ठेवा. चितेला तीनशे किलोच्या आसपास लाकूड लागतं आणि ती बरेच तास जळते. उष्णतेने स्नायू आखडतात, त्यामुळे हातपाय हलल्यासारखे दिसतात. ते पाहून माणसं हादरतात. जाणकार माणूस छातीवर जड ओंडके ठेवतो ते यासाठीच.

मुलीने अग्नी दिलेला चालतो का? कायद्याची कसलीही आडकाठी नाही. पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत मुलींनी, बायकोने, सुनेने अग्नी दिलेला मी पाहिलाय. अडचण आली तर ती नातेवाइकांकडून येते, म्हणून वडिलांना बोलता येतंय तोवर ही इच्छा त्यांच्या तोंडून काका-आत्यांच्या कानावर जाऊ द्या. गुरुजींनाही आधीच विचारून घ्या.

विद्युतदाहिनीत साधारण तास-दीड तास लागतो. थोडं निवल्यावर अस्थी त्याच दिवशी मिळू शकतात, चितेसारखं तिसऱ्या दिवसाच्या सावडण्यापर्यंत थांबावं लागत नाही. मऊ राख मिळेल अशी बऱ्याच जणांची कल्पना असते. मिळतात ते पांढरे, ठिसूळ हाडांचे तुकडे आणि राख. घरात कुणी हळवं असेल तर त्यांना आधी सांगा. आळंदीला किंवा नाशिकला रामकुंडावर न्यायची घाई नाही, दहाव्याच्या आत सवडीने जाता येतं. हल्ली बरेचजण थोड्या अस्थी नदीत सोडतात आणि बाकीच्या शेतात पुरून वर झाड लावतात. मला ते पटतं.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. पासाच्या वेळी जे नाव लिहिलं जातं तेच बहुधा दाखल्यावर येतं, त्यामुळे आधार, बँक आणि पेन्शनच्या कागदांवरचं वडिलांचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आत्ताच तपासा. नंतर दुरुस्तीला फार खेटे पडतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा. बँक, विमा, पेन्शन, वारसनोंद, सगळीकडे लागतात.