माशांची बेल आणि गप्प बसलेला ग्रूप

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आलाय. नेटवर फिरताना काहीतरी भन्नाट सापडतं, ते कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवत नाही, पण दाखवायचं कसं आणि कोणाला? माझ्या अगदी आवडीचा विषय, त्यामुळे पहिलं उत्तर जरा लांबलंय.

प्रश्न: मी मिरजेची, शाळेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. लॉकडाऊनमध्ये क्रोशाच्या ऑनलाईन क्लासमधून आमचा अकरा जणींचा ग्रूप झाला, कोणी नागपूरला, कोणी बेळगावला, एक मस्कतला, एक न्यूजर्सीला. अजून प्रत्यक्ष भेट नाही पण रोज बोलणं होतं. मला दुपारी नेटवर भटकायची सवय लागलीय. परवा एक साईट सापडली, हॉलंडमध्ये माशांसाठी दारावर बेल आहे आणि ती आपण इथून वाजवायची! मला इतकं हसू आलं की लगेच लिंक ग्रूपवर टाकली. कोणी काहीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी एकीने लिहिलं, ताई असल्या लिंक टाकू नका, व्हायरस असतो. फार वाईट वाटलं. आता हे पाठवणं बंद करू का?

उत्तर: ताई, अजिबात बंद करू नका. ती बेल खरी आहे. पण तुम्ही नुसती लिंक टाकलीत ना, तिथे गडबड झाली. निळ्या अक्षरांची एक लांबलचक ओळ, पुढेमागे एक शब्द नाही, अशी लिंक आली की आजकाल कोणीही घाबरतं, बँकेच्या नावाने, कुरिअरच्या नावाने, लाईट बिलाच्या नावाने अशाच लिंक येतात आणि लोकांचे पैसे गेलेत, त्यामुळे तुमच्या मैत्रिणीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या ओळीत तिला तुमचं हसू कुठेच दिसलं नाही.

बाकीच्या वाचकांसाठी आधी बेलची गोष्ट सांगते. युट्रेक्ट शहरात कालव्यावर वेर्डस्लाउस नावाचे जुने दरवाजे आहेत, बोटी पलीकडे नेण्यासाठी पाणी अडवायचे आणि सोडायचे. तिथल्या वसंत ऋतूत मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात, वाटेत हे दार लागतं, आणि नेमक्या त्या दिवसांत बोटी फार नसतात म्हणून दार बंद! मग मासे दाराशी गोळा होऊन ताटकळतात आणि पक्ष्यांच्या तोंडी सापडतात. म्हणून २०२१ साली तिथे पाण्याखाली कॅमेरा लावला आणि त्याचं लाईव्ह चित्र साईटवर दाखवायला सुरुवात केली. जगात कुठेही बसलेल्या माणसाला मासा दिसला की त्याने बटण दाबायचं, त्याचा फोटो निघतो, तो तिथली माणसं बघतात आणि पुरेसे मासे जमलेत असं वाटलं की दार उघडलं जातं. साधारण मार्च ते मे एवढेच दिवस हे चालतं. बराच वेळ नुसतं हिरवट गढूळ पाणी दिसतं, आपण कंटाळून उठणार तेवढ्यात एक मासा थेट कॅमेऱ्यासमोर तोंड आणून थांबतो, आणि खरंच सांगते, बेल दाबताना हात थरथरतो. मासे रात्री जास्त फिरतात आणि आपली पहाट म्हणजे तिथली रात्र, एप्रिलमध्ये आपल्याकडे पाच वाजतात तेव्हा तिथे रात्रीचा दीड वाजलेला असतो. पहाटे उठणाऱ्यांना एकदम सोयीचं.

ही साईट मी गेल्या वर्षी माझ्या एका ऑनलाईन मैत्रिणीला पाठवली, ती मूळची राजापूरकडची, आता बंगळूरला असते. मी आधी लिहिलं, "तू चढणीच्या माशांबद्दल सांगायचीस ना, पहिल्या मोठ्या पावसात ओहोळातून उलटे वर भातखाचरात येणारे, तसेच मासे तिकडे हॉलंडमध्ये बंद दाराशी अडकलेत आणि लोक त्यांच्यासाठी बेल वाजवतायत." आणि मग खाली लिंक. पाच मिनिटांत तिचा फोन. लिंक तिने उघडलीच नव्हती! आधी अर्धा तास आजोबांबद्दल बोलली, पावसाच्या रात्री बत्ती घेऊन सगळी वाडी कशी ओहोळावर जायची, आजी कशी ओरडायची, सकाळी घरभर कसा वास असायचा. मग म्हणाली, थांब आता बघते. आणि दोघी आपापल्या घरी फोन कानाला लावून ते गढूळ पाणी बघत बसलो. त्या दिवशी दोन मासे दिसले, दोन्ही वेळा बेल तिने वाजवली.

म्हणून सांगते ताई, काय बघितलंत आणि ते तिलाच का पाठवताय, एवढं स्वतःच्या शब्दांत लिहा. "हे बघा मस्त आहे" याने काही होत नाही. अकरा जणींना एकदम टाकण्यापेक्षा एखादी गोष्ट बघून जिचा चेहरा डोळ्यांसमोर येतो तिलाच आधी पाठवा. मस्कतच्या मैत्रिणीला रेडिओ गार्डन दाखवा, २०१६ साली नेदरलँडमध्येच सुरू झालेली साईट आहे, अख्खी पृथ्वी गोल फिरवता येते, तिच्यावर हिरवे ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका म्हणजे त्या गावाचं रेडिओ स्टेशन, थांबाल तिथलं लाईव्ह ऐकू येतं. तुम्ही आधी स्वतः अर्धा तास फिरा, काय ऐकलंत ते तिला सांगा, कुठल्या देशात बातम्या चालू होत्या, कुठे लग्नाची गाणी. मग ती उघडेलच. आणि ग्रूपवर टाकायचं असेल तेव्हा लिंकबरोबर साईटचं नाव लिहा, म्हणजे जिला लिंकची भीती वाटते ती "फिश डोअरबेल" असं स्वतः शोधून बघेल. मासा दिसला की स्क्रीनशॉट नक्की काढा. फोटो बघायला कोणी घाबरत नाही.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगला आहे, नागपूर. आमचा पाच जणांचा ऑनलाईन क्विझवाला ग्रूप आहे, अकरावीपासून विचित्र साईट्सची एक शीट करून ठेवलीय, कोणाला काही सापडलं की त्यात टाकायचं. आता बघितलं तर कित्येक उघडतच नाहीत. कसंतरी झालं यार. काही करता येतं का?

उत्तर: येतं. वेबॅक मशीनमध्ये तो पत्ता टाकून बघ. इंटरनेट आर्काइव्ह ही ना-नफा संस्था १९९६ पासून वेब पानांच्या प्रती साठवतेय आणि २००१ पासून त्या सगळ्यांना बघायला खुल्या आहेत. सगळं नाही मिळणार, जी साईट हलवून खेळवायची असते तिचा बऱ्याचदा नुसता सांगाडा मिळतो, पण मिळतं. आणि यापुढे शीटमध्ये काही टाकलंत की त्याच दिवशी तिथे "सेव्ह पेज" करून ठेवायचं, एक मिनिटाचं काम आहे.

कसंतरी वाटणं मात्र मला पूर्ण पटतं. जिओसिटीज नावाच्या जुन्या साईटवर लोकांनी स्वतःच्या हाताने केलेली केवढी पानं होती, मांजरांची, तिकिटांच्या कलेक्शनची, २००९ मध्ये ती बंद झाली तेव्हा काही लोकांनी रात्रंदिवस खपून जमेल तेवढं उतरवून घेतलं म्हणून आज थोडंफार शिल्लक आहे. तुमच्या शीटमध्ये नुसता पत्ता आहे ना? त्याच्याशेजारी एक कॉलम वाढवा, त्यात काय होतं आणि कोणाला कधी सापडलं ते लिहा, हे तुम्हा पाच जणांशिवाय दुसरं कोणी लिहू शकत नाही. केंब्रिजच्या कॉफीच्या भांड्याचं बघ ना. १९९१ मध्ये तिथल्या कॉम्प्युटर लॅबमधल्या लोकांनी कॉफीच्या मशीनवर कॅमेरा लावला, कारण जिने उतरून जावं आणि भांडं रिकामं असावं असं फार व्हायचं. १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगभरचे लोक दुसऱ्यांच्या कॉफीचं भांडं बघायला लागले, भरलंय की संपलंय एवढंच! २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला, मशीन एका जर्मन न्यूज साईटने लिलावात ३,३५० पाउंडांना घेतलं. ते चित्र आता लाईव्ह कोणालाच दिसणार नाही, पण कोणीतरी नीट लिहून ठेवलं म्हणून मी तुला सांगू शकले.

आणि मिलियन डॉलर होमपेज शीटमध्ये नसेल तर आजच टाका, ते अजून उघडतं. ॲलेक्स ट्यू नावाच्या इंग्लंडमधल्या २१ वर्षांच्या मुलाने २००५ मध्ये कॉलेजच्या खर्चासाठी एका पानाचे दहा लाख पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचे बारीक ठिपके, जाहिरातींसाठी एकेक डॉलरला विकायला काढले, आणि सगळे विकले गेले, शेवटचे हजार लिलावात, एकूण १०,३७,१०० डॉलर! त्यातल्या बऱ्याच जाहिरातींवर क्लिक केलं तर आता काही उघडत नाही. भिंत उभी आहे, दुकानं गेली.

प्रश्न: फोंड्याहून लिहितेय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या मावसभावंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना ती सगळी मुलं एकमेकांना गमतीच्या साईट्स दाखवतात. दाखवू द्यावं का?

उत्तर: दाखवू दे, पण पहिल्यांदा तू शेजारी बस. साईट नोटिफिकेशनची परवानगी मागतेय, काही डाउनलोड करायला सांगतेय, नाव-नंबर-फोटो मागतेय, की लगेच बंद, हे तिला एकदा शिकवलं की ती स्वतः करते. काही साईट्सवर लाईट जोरात चमकतात, फिटचा त्रास असलेलं मूल घरात असेल तर त्या नकोतच.

आता मजेचं. पॉइंटर पॉइंटर उघडून दे, कर्सर कुठेही नेऊन ठेवला की एक फोटो येतो आणि त्यातल्या माणसाचं बोट बरोब्बर कर्सरवर असतं, मुलं वेडी होतात. नील अगरवाल या अमेरिकन प्रोग्रामरची "द डीप सी" आहे, खाली खाली जायचं आणि कितव्या मीटरला कुठला प्राणी राहतो ते दिसत जातं, टायटॅनिक लागते ३,८०० मीटरच्या आसपास आणि तळ अजून कितीतरी लांब असतो, जवळजवळ अकरा हजारांवर. आणि माझी सगळ्यात लाडकी, जॉश वर्थची २०१४ ची साईट, चंद्र जर एक पिक्सेल एवढा असता तर. त्या मापाने सगळी सूर्यमाला मांडलीय, सूर्यापासून निघून उजवीकडे सरकत राहायचं. काही नाही, काही नाही, काळं, काळं, मग एक ठिपका, बुध! त्यात प्रकाशाच्या वेगाने सरकायचं बटण आहे, ते दाबलं की पृथ्वी यायला आठ मिनिटांच्या वर लागतात. भावंडांना कॉलवर एकत्र दाबायला सांग आणि पृथ्वी येईपर्यंत गप्पा मारू देत.

प्रश्न: वय ४७, ठाणे. ऑनलाईन बुद्धिबळ खेळताना पोलंडच्या एका माणसाशी ओळख झाली, सहा वर्षं झाली. आमचं दोघांचंही इंग्रजी बेताचं, त्यामुळे बोलणं फार नाही, तो एखादी विचित्र साईट पाठवतो, मी एक पाठवतो. बायको विचारते, याला मैत्री म्हणायचं का? मला म्हणावंसं वाटतं. आणि त्याला आता काहीतरी खास पाठवायचंय.

उत्तर: दादा, सहा वर्षं एक माणूस काहीतरी बघतो आणि त्याला तुमची आठवण येते, ही मैत्रीच आहे. वहिनींना हे उत्तर दाखवा.

खास पाठवायचं तर विंडोस्वॅप. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सिंगापूरला राहणाऱ्या सोनाली रणजित आणि वैष्णव बालसुब्रमण्यम या जोडप्याने केलेली साईट. जगातल्या अनोळखी लोकांच्या खिडक्या दिसतात, बटण दाबलं की दुसरी खिडकी, कुठे बर्फ, कुठे वाळत घातलेले कपडे, कुठे खिडकीत बसलेलं मांजर, खाली रस्त्याचा आवाज. पण नुसती ती पाठवू नका, तुमची खिडकी पाठवा. मोबाईल आडवा धरून स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीला टेकवून ठेवा, हलू द्यायचा नाही, खिडकीची चौकट थोडी दिसली पाहिजे, दहा मिनिटं रेकॉर्डिंग, आवाजासकट. समोरच्या बिल्डिंगमधले लोक ओळखू येतील असं नको. तुम्ही पत्रात लिहिलंय की खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, मग जुलैपर्यंत थांबा, डोंगर ढगात जाऊन पुन्हा बाहेर येतो तेवढा वेळ घ्या. आधी त्याला पाठवा, साईटवर नंतर. आणि खाली त्याच्या भाषेत एक ओळ लिहा, ट्रान्सलेटरवरून चालेल, की डाव्या बाजूला जो टेबलाचा कोपरा दिसतोय तिथे बसून मी तुझ्याशी खेळतो.