दुसऱ्याच्या नावाचा मेल आपल्या इनबॉक्समध्ये

प्रश्न : माझे नाव आणि आडनाव दोन्ही आमच्या सांगली-कोल्हापूर भागात घरोघरी आढळणारे आहे. मी २००८ साली नाव, टिंब, आडनाव असा जीमेलचा पत्ता घेतला. गेली दोन वर्षे त्यावर माझ्याच नावाच्या, पण पुण्यात राहणाऱ्या एका गृहस्थांचे मेल येत आहेत : विम्याच्या हप्त्याची आठवण, रक्ततपासणीचा अहवाल, मुलीच्या शाळेची फी आणि आता कर्जाची कागदपत्रे. या मेलमध्ये पत्ता टिंबाशिवाय लिहिलेला असतो. एकच पत्ता दोघांना मिळाला असेल का? असे मेल वाचल्याने मी गुन्हेगार ठरेन का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : एकच पत्ता दोघांना मिळालेला नाही. जीमेल पत्त्यातील टिंबे विचारातच घेत नाही, त्यामुळे टिंब असलेला आणि नसलेला असे दोन्ही पत्ते आपलेच आहेत. त्या गृहस्थांच्या पत्त्यात बहुधा शेवटी एखादा आकडा असावा आणि अर्ज भरताना तो त्यांच्याकडून किंवा काउंटरवरच्या कर्मचाऱ्याकडून राहून जात असावा.

चुकून आलेला मेल उघडला म्हणून आपण दोषी ठरत नाही. पोस्टाने आलेल्या पाकिटावर दुसऱ्याचे नाव दिसले की ते न फोडता परत देता येत असे. येथे नाव आणि पत्ता दोन्ही आपलेच दिसतात आणि मजकूर वाचल्यावरच तो परक्याचा असल्याचे कळते. मात्र ‘पासवर्ड विसरलात?’ या सोयीचा वापर करून त्यांच्या खात्यात शिरणे, मग ते त्यांचा फोन नंबर शोधण्याच्या सद्हेतूने का असेना, कटाक्षाने टाळा. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आपला हेतू शुद्ध होता हे सिद्ध करीत बसण्याची वेळ आपल्यावर का यावी?

खरा धोका त्या गृहस्थांना आहे, आणि तो एकेका मेलपेक्षा अनेक मेल एकाच ठिकाणी साचण्यात अधिक आहे. ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. नाव आपल्याला ठाऊक आहेच आणि रक्ततपासणीच्या अहवालावर वय छापलेले असते. उद्या त्यांनी झेरॉक्सच्या दुकानाला पाठवायची आधारची फाइल चुकून आपल्याकडे आली, तर ती दोन-तीन प्रयत्नांत उघडेल. बँका आणि विमा कंपन्यांचे पासवर्डही बऱ्याचदा नाव व जन्मतारखेवरूनच बनतात, आणि ते कसे बनवायचे हे त्याच मेलमध्ये लिहिलेले असते. विमानाचे तिकीट आले, तर पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर संपूर्ण बुकिंग उघडते. मला याचा मनापासून राग येतो, कारण पत्ता नोंदवताना त्यावर एक ओटीपी पाठवून खात्री केली असती, तर यातले जवळजवळ काहीच घडले नसते. व्यक्तिगत विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, ती अशा संस्थांसाठीच आहे.

आपल्यालाही जपावे लागेल. ‘ईमेलची पुष्टी करा’ हे बटण दाबू नका. तसे केल्यास परक्याच्या कर्जखात्याला आपला पत्ता पक्का जोडला जाईल आणि हप्ते थकले की वसुलीच्या नोटिसा आपल्याकडे येतील. मेलमधील दुव्यांचा किंवा फोन क्रमांकांचा उपयोग न करता त्या संस्थेच्या संकेतस्थळावरील तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता शोधा, आणि ‘हा पत्ता आपल्या ग्राहकाचा नाही, तो काढून टाकावा’ एवढेच लिहा. मूळ जोडपत्र पुन्हा पाठवू नका. शाळा आणि प्रयोगशाळा यांना फोन केला तर काम लवकर होते, कारण तेथे खऱ्या पालकाचा किंवा रुग्णाचा मोबाईल नंबर नोंदलेला असतो आणि तेच त्यांना परस्पर कळवू शकतात.

तक्रारीची प्रत जपून ठेवा. मूळ मेल मात्र पुसून टाका आणि कचरापेटीतूनही काढा, कारण तेथे ते आणखी ३० दिवस राहतात.